तट्टीमागच्या भिंती

आमच्याकडे पाऊस आडवा मारतो. म्हणून मिरगाआधी मातीच्या भिंतींना बाहेरून गवताच्या तट्ट्या बांधतात आणि दसरा झाल्याशिवाय सोडत नाहीत. रामनगरच्या रस्त्यालगतच्या आमच्या घराला आई एकटीच तट्ट्या बांधायची. मी मदतीला गेले की म्हणायची, "तुजी गाठ ढिली पडते. तू चा कर जा."

त्या वर्षी पंचायतीचे साहेब घरं बघायला आले ते नेमके भर श्रावणात. राहण्याजोगी नसलेली घरं पाडायची, जागा ताब्यात घ्यायची आणि लोकांना पक्की घरं द्यायची, असं ठरलं होतं. साहेब कोरड्या मुलखातले. त्यांना दिसलं ते ओलं, काळं पडलेलं गवत. मी आईला म्हटलं, "एक तट्टी सोड, भिंत तरी बघू दे त्यांना."

"पाऊस गेलाय व्हय? दसऱ्याआदी कोन सोडतंय?" आई म्हणाली. "साहेब, आत या, चा घ्या. भिंत आतनं बगा."

साहेबांनी चहा नको म्हटलं आणि रस्त्यावरूनच फोटो काढला.

दिवाळीनंतर नोटीस आली. घर गवताचं, राहण्यास अयोग्य. आमचा भाग कर्नाटकातला, म्हणून नोटीस कन्नडमध्ये होती, पण कन्नड आम्हाला चांगलं येतं, त्यामुळे कळलं नाही म्हणायचीही सोय नव्हती. तोवर तट्ट्या उतरल्या होत्या आणि हातभर जाडीच्या भिंती उन्हात उभ्या होत्या. मी साहेबांना हातापाया पडून घेऊन आले. त्यांनी भिंत थापटून पाहिली.

"भिंत चांगली आहे हो," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पण पाहणी झाली, ठराव वर गेला. आता माझ्या हातात काही नाही."

भांडायला समोर एखादा दुष्ट माणूस तरी हवा. मला तोही मिळाला नाही. तालुक्याच्या कचेरीत जोयड्याला खेटे घातले, तिथंही सगळ्यांनी बसा म्हटलं, ऐकून घेतलं आणि हात वर केले. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

पंचायतीने घर एका सकाळीत पाडलं. आईला गावाबाहेर पक्की खोली मिळाली. आमच्या जागेचं काय करायचं ते पंचायतीचं अजून ठरलेलं नाही, तोवर तिथं आठवड्याचा बाजार भरतो. आई भाजी घेऊन बसते ती आमच्या अंगणाच्या जागीच. परवा मी तिच्याशेजारी होते. बाजारपट्टी गोळा करणारा माणूस आला आणि बसायच्या जागेचे पैसे मागू लागला. मी तावातावाने उठले, तर आईने पदर ओढून मला खाली बसवलं.

"नवा हाय त्यो," ती हळूच म्हणाली. "त्येला काय ठावं, हितं आमचं घर हुतं." आणि तिने पट्टी दिली.