उशिराची पाचवी

आमच्या घरात मुलीची पाचवी ती जन्मल्यावर जवळजवळ दोन महिन्यांनी झाली. हे कोणाला सांगितलं की माणसं आधी हसतात, मग आमचं काय चुकलं ते समजावून सांगायला लागतात. चुकलं काहीच नव्हतं. ते सासूबाईंनी ठरवलं होतं, आणि त्यांनी एकदा ठरवलं की मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत तो विषय संपतो.

मुलगी फार लवकर आली. सातवा महिना नुकता लागला होता. डोहाळजेवणाची हिरवी साडी फॉल-बिडिंगला टाकली होती, ती आणायला पुढे कोणी गेलंच नाही. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात ती जन्मली आणि मी धड बघायच्या आत तिला काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला व्हीलचेअरवरून तिथे नेलं, तेव्हा सगळ्या नळ्या-वायरींमधून मला आधी दिसली तिची टाच. अख्खं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं, आणि टाचेवर टोचल्याचे लाल ठिपके. साखर तपासायची, कावीळ तपासायची, आणखी कशाकशाला रक्त लागायचं, आणि एवढ्याशा बाळाचं रक्त बहुतेक वेळा टाचेतूनच काढतात. थोड्याच दिवसांत त्या टाचेची चाळणी झाली.

पाचवा दिवस आला. आमच्याकडे म्हणतात की त्या दिवशी सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा पुजतात, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात. नवऱ्याने आपल्या आईला विचारलं, बाळाचा फोटो ठेवून पूजा करायची का. सासूबाई मालवणकडच्या. मला डबा घेऊन आल्या होत्या, माझ्या पलंगाशी बसून शांतपणे पेजेत मीठ कालवत होत्या.

"सटवी घराक येता," त्या म्हणाल्या. "थंय त्या मशिनींत ती कशी येतली? चेडू घराक येऊं दे. मगे पाचवी."

"अहो आई, पण पाचवा दिवस तर आजच आहे," मी म्हटलं.

"तो तुमचो. तिचो अजून येवचो आसा. तिच्या कपाळार अजून कायएक लिवूक नाय."

मला इतका राग आला की पेज तशीच ठेवली. आत माझी पोर श्वासाश्वासाला झगडत होती आणि ह्यांना देवीला वाट सापडेल की नाही याची चिंता. शिवाय मला एव्हाना माहीत होतं की लिहिणं केव्हाच सुरू झालंय.

कारण मी वाचत होते. दूध काढायच्या खोलीत एका हातात पंप आणि दुसऱ्या हातात मोबाइल. कळलं ते असं: माणसाची जनुकं जन्मभर तीच राहतात, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा होतात. कुठलं जनुक बोलतं राहील, कुठलं गप्प, ते त्या खुणा ठरवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वरचेवर टोचलं, आवाज, उजेड, आईपासून दूर ठेवणं असा ताण झाला, तर शरीराने भीतीला कसं तोंड द्यायचं, याच्याशी संबंधित जनुकांवरच्या खुणा बदलू शकतात. मोठेपणीही अशी मुलं पटकन घाबरू शकतात, किंवा उलट, दुखलं तरी गप्प राहू शकतात. 'शकतात' या शब्दाकडे शहाण्या माणसाने लक्ष दिलं असतं. मी दिलं नाही. मी टाचेवरचे ठिपके बघायचे आणि मनात म्हणायचे, हे लिहिलं, हेही लिहिलं.

"यार, तू ते वाचणं बंद कर ना," नवरा म्हणायचा. "वाचून काय होणारे?"

"न वाचून काय होणारे, ते सांग," मी म्हणायचे. मग तो चहा आणायला जायचा. त्या दिवसांत त्याने खूप चहा आणला.

पेटीत हात घालायची परवानगी मिळाली, त्या दिवशी मी जन्माची चूक करून बसले. बाळ दिसलं की आपला हात आपोआप काय करतो? थोपटतो. मी तिच्या पाठीवर दोन बोटांनी हलकेच थोपटलं, आई मला थोपटायची तसं. लगेच मशीन ओरडायला लागलं. तिचे हातपाय फाकले, तोंड निळसर झालं. नर्स धावत आली, कुठलंसं बटण दाबून आवाज बंद केला आणि थेट माझं मनगट धरलं.

"थोपटू नका हो मॅडम. सगळ्या आया हेच करतात. आपल्याला माया वाटते, हिला मार वाटतो. हे बघा, एक हात डोक्याला, एक हात पायांना. दाबायचं नाही, हलवायचं नाही. नुसता ठेवायचा."

मी तसा ठेवला. दोन्ही पावलं माझ्या मुठीत मावली. हळूहळू तिची बोटं सैल झाली. त्यानंतर टाच टोचायची असली आणि मी तिथे असले की नर्स मला हाक मारायची. बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचा थेंब पडायचा, एक टाच नर्सच्या हातात जायची, दुसरं पाऊल माझ्या मुठीत राहायचं. झालं की दोन्ही पाय माझ्याकडे. मी असताना टोचलं तर बरं, की नसताना, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

एकदा मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. हिच्या जनुकांवर परिणाम होतोय का, असं सरळ विचारलं. त्या जिन्यात थांबल्या, पाठ भिंतीला टेकली. दमल्या होत्या.

"होत असू शकतो," त्या म्हणाल्या. "पण साखर तपासली नाही तर मेंदूला धोका आहे. जेवढं कमी टोचता येईल तेवढं कमी टोचतोय."

"मग ती पुढे कशी होईल?"

"ते मला नाही सांगता येणार. कोणालाच नाही. काही खुणा बदलतात, पुसट होतात, असंही दिसतं. आईच्या अंगावर ठेवल्याने फरक पडतो, असंही. म्हणून तर तुम्हाला रोज बोलावतो ना. जा, घ्या तिला."

मी गेले. गाऊनची बटणं काढून तिला छातीवर घेतलं, वरून चादर. पण मनात एकच चाललं होतं: फरक पडतो म्हणजे किती पडतो?

ती घरी आली आणि घरी आल्यापासूनच्या पाचव्या दिवशी सासूबाईंनी ओट्याखालून पाटा काढला. मिक्सर आल्यापासून तो तिथे फिनाइलच्या बाटल्यांमागे पडून होता. घासूनपुसून हळदकुंकू लावलं, घुगऱ्या केल्या, कोरा कागद ठेवला, आणि माझ्या पर्समधलं पेन न विचारता घेतलं. मी विज्ञान शिकलेली बाई. एरवी दोन शब्द बोललेच असते. पण त्या संध्याकाळी पाट्यासमोर बसले आणि मला रडू फुटलं. हॉस्पिटलातलं काहीच धरायचं नाही, हिशेब आजपासून, असं म्हणणारं त्या दोन महिन्यांत मला कोणी भेटलं नव्हतं. त्यावर विश्वास नव्हता. पण ते खरं असावं, असं फार वाटलं.

मुलगी वाढली, पाच वर्षांची झाली. बारीक आहे, पण तुरुतुरु चालते आणि सोसायटीतल्या मांजरांवर हुकूम गाजवते. टाचांवर बारीक पांढरे ठिपके राहिलेत, नीट पाहिलं तरच दिसतात. मी नीट पाहते. काळजी माझ्या पाचवीलाच पुजलीय म्हणा. कुकरच्या शिट्टीला दचकली की मला वाटतं, ही ती खूण. पडल्यावर रडली नाही की वाटतं, ही दुसरी. इतर मुलांच्या आया मुलं रडली की वैतागतात, मी माझी रडली की सुटकेचा श्वास टाकते. सासूबाई म्हणतात, "तू तिका बघतंस की तिची परीक्षा घेतंस?"

गेल्या महिन्यात तिला ताप आला आणि उतरेना. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हॉस्पिटल सोडल्यावर लसींची इंजेक्शनं झाली होती, पण रक्त कोणी काढलं नव्हतं. पॅथॉलॉजीत मी तिला मांडीवर घेऊन बसले. सासूबाई शेजारी, पिशवी पोटाशी धरून. तिथल्या मुलीने हिच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळगीत कापूस फिरवला. हिने हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. रडली नाही, हूं की चूं केलं नाही.

"किती शहाणी आहे," ती रक्त काढणारी मुलगी म्हणाली.

मला दिसत होतं ते वेगळंच. सुई हातात जात होती आणि हिचा उजवा पाय वर ओढला जात होता. चप्पल गळून पडली. बोटं आत मुडपली, टाच माझ्या मांडीमागे लपायला बघत होती. हात स्थिर, चेहरा स्थिर, आणि पाय पळतोय. तिला यातलं काही आठवत नाही. आठवणं शक्यच नाही. इतकी वर्षं जे शोधत होते ते समोर दिसलं. लिहिलेलं होतं तर.

माझे हात आपोआप गेले. थोपटायला नाही. एक तिच्या डोक्यावर, एक पायावर. दाबला नाही, हलवला नाही. पाऊल आता मुठीत मावत नाही, टाच तेवढी मावली. एक क्षण ती टाच तशीच ताठ होती. मग बोटं सुटली, एकेक करत, पेटीतल्यासारखीच, आणि सगळा पाय माझ्या तळव्यात सैल होऊन पडला. हेही तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. टोचणं लक्षात ठेवलं होतं त्या पायाने, तसा माझा हातही लक्षात ठेवला होता. इतकी वर्षं मी फक्त ठिपके मोजत आले, माझा हात मी कधी त्या हिशेबात धरलाच नव्हता.

सासूबाईंनी वाकून चप्पल उचलली आणि तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. पॅथॉलॉजीतल्या मुलीने कापूस दाबला, वर गोल पट्टी चिकटवली.

"झालं ना आई," माझी मुलगी म्हणाली. "आता पाय सोड."

"सोडते," मी म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला.