पाट्याला टेकवलेला ब्रेक

रत्नागिरीत गाडी चालवणारी माणसं पुष्कळ आहेत, पण स्वयंपाकघरात बसून, चुलीवरच्या भाताला वाफ येईपर्यंत गाडी शिकलेली व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे आमच्या शेजारच्या चाची. हे मी छातीठोकपणे सांगतो. कुणाला शंका असेल तर त्याने माझ्याशी वाद घालावा, चाचींशी घालू नये. चाचींशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. हरलेल्यांत त्यांचे धाकटे दीर आहेत, ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आहेत आणि मी तर आहेच. माझी हार इतक्या वेळा झाली की पुढे पुढे मी वाद घालायच्या आधीच मान डोलवून मोकळा होत असे.

गोष्ट सन दोन हजारच्या आगेमागची. चाचा कुवेतला एका कंपनीची व्हॅन चालवायचे. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी, असा त्यांचा अठरा वर्षांचा शिरस्ता. त्या वेळच्या सुट्टीत त्यांनी दोन वस्तू घरात आणल्या. एक पांढरी छोटी गाडी, ती इथेच घेतली. दुसरी वस्तू तिकडून आणलेल्या खोक्यात होती: कम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचं स्टिअरिंग, खाली ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर असे दोन पेडल. ते मुलासाठी होतं. सुट्टी संपली, चाचा परत गेले. मुलगा मुंबईला कॉलेजात गेला. गाडी ताडपत्रीखाली गेली आणि स्टिअरिंग पुन्हा खोक्यात गेलं. गाडीची चावी धाकट्या दिरांच्या खिशात. दर शुक्रवारी नमाज पढून आले की ते ताडपत्री बाजूला करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं जागच्या जागी इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करून ताडपत्री पुन्हा बांधायचे. ज्यांच्या घरची माणसं परदेशात, त्यांच्या अंगणात तेव्हा ही शुक्रवारची घरघर ठरलेली असे. चाची ओटीवर उभ्या राहून ती ऐकायच्या. एकदा त्या मोठ्याने म्हणाल्या, "एवढं पेट्रोल जागच्या जागी जाळताव, त्यात मी पावसला जाऊन परत आले असते." दीर हसले. तेच त्यांचं चुकलं.

चाचींना गाडी कशासाठी हवी होती हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा सगळा उद्योग वाचणाऱ्याला वेडेपणा वाटायला नको. चाचा सुट्टीवर आले की स्टेशनवर त्यांना आणायला दोन सुमो भरून माणसं जायची. दीर, मेहुणे, भाचे, शेजारी, एकदा मीसुद्धा गेलो होतो. चाची घरी. बिर्याणी, सांदणं, तळलेली सुरमई. चाचा घरी यायचे, ओटीवर बसायचे, येणाऱ्या प्रत्येकाला मिठी मारायचे, बॅगा उघडायचे. "माझा नंबर सगळ्यात शेवटी लागतो," चाची मला एकदा कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "दोन वर्षांनी नवरा येतो, आणि मी त्याला बघतंय कधी, तर तो हात धुवायला मागच्या दारी येतो तेव्हा. या वेळी मी आणणार त्याला. पहिली मी बघणार." त्या कांद्यामुळे रडत नव्हत्या, हे मला तेव्हाही कळलं होतं. कुवेतहून शुक्रवारी फोन यायचा, त्यात त्यांनी चाचांनाही सांगून टाकलं. चाचा इतके हसले म्हणे, की ठरलेली दहा मिनिटं हसण्यातच गेली.

मी तेव्हा बाजारात कम्प्युटरचा क्लास चालवत होतो, म्हणून मुलाच्या घरी राहिलेल्या कम्प्युटरला ते खोक्यातलं स्टिअरिंग जोडून चाचींना गाडी शिकायला बसवायचं काम माझ्याकडे आलं. चाचींनी आधी माजघरात मांडामांड केली. पण घोटीव फरशीवर पेडल टिकेनात. ब्रेक दाबला की पेडल पुढे, चाची खुर्चीसकट मागे आणि गाडी खेळातल्या समुद्रात. तीन वेळा समुद्रात गेल्यावर त्यांनी हुकूम सोडला, "उचल हे सगळं. स्वयंपाकघरात चल." तिथे मसाला वाटायचा दगडी पाटा जमिनीत पक्का बसवलेला होता. पेडल त्याला टेकवले, ते कायमचे टिकले. स्टिअरिंगचे शिकंजे जेवणाच्या टेबलाला आवळले, टेबल हलू नये म्हणून ते खिडकीच्या गजाला जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधलं. ती गाठ चाचींची स्वतःची. त्यांचे वडील तांडेल होते, मच्छीमार होडी हाकायचे. "पाण्यात रस्ता नसतो तरी बाबा बंदरात बरोबर आणायचे," त्या म्हणाल्या, "मला तर हितं रस्ता दाखवलेला हाय."

मग सुरू झालं ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चाची खेळायला बसताना चाचांचे जुने कातडी बूट घालायच्या, कारण अनवाणी गाडी कोण चालवतंय? पर्स मांडीवर. बिस्मिल्ला म्हणून चाक धरायचं. भात चढवून पहिली फेरी, दुसऱ्या फेरीला आच कमी, तिसरी संपली की उतरवायचा. भात करपला नाही कधी. शर्यत मात्र पुष्कळदा अर्ध्यावर राहिली, कारण मासेवाली दारात आली की चाची ब्रेक दाबून, गाडी नीट रस्त्याच्या कडेला घेऊन उठायच्या. मधोमध गाडी सोडणं हा त्यांच्या मते असंस्कृतपणा. लाइट गेली तर लाइटवाल्यांच्या नावाने जो उद्धार व्हायचा, तो इथे लिहिण्यासारखा नाही. खेळात एक लाल गाडी नेहमी आडवी यायची. चाचींनी तिला आपल्या दिरांची जागा देऊन टाकली होती. "बघ, बघ कसा मधून चाललाय! स्वतः पण जात नाय, दुसऱ्याला पण जाऊ देत नाय." तिला मागे टाकलं त्या दिवशी आमच्या घरी वाटीभर खीर आली. एकच तक्रार त्यांनी शेवटपर्यंत केली: हॉर्न नाही. "हॉर्न नाय ती गाडी कसली? माणसाने सांगायचं कसं, की मी येतंय?" म्हणून त्या डाव्या हाताशी भात वाढायचा एक डाव ठेवायच्या आणि वळण आलं की पातेल्यावर ठणठण वाजवायच्या. आमच्या आळीत दुपारी झोपणाऱ्यांनी याविरुद्ध तक्रार केली. चाचींनी त्यांना झोपायची वेळ बदलायला सांगितलं.

सहा महिन्यांत त्या खेळात पहिल्या येऊ लागल्या आणि एका सकाळी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आल्या. पहिल्या दिवशी काय झालं ते मास्तरांनीच मला सांगितलं. चाची आत बसल्या, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तिसरी कोणाची?" क्लच नावाची गोष्ट त्यांच्या स्वयंपाकघरात नव्हती. मग गाडी निघाली ती उजव्या बाजूने. खेळातले रस्ते परदेशातले, तिथे सगळे उजवीकडून जातात. समोरून येणारा रिक्षावाला मात्र रत्नागिरीचा होता. त्यातून वाचून पहिलं वळण आलं. खेळातलं चाक पाव फिरवलं की गाडी अख्खी वळते. चाचींनी मोठ्या आत्मविश्वासाने चाक पाव फिरवलं आणि गाडी सरळ जाऊन एका बागेच्या कुंपणाला, जांभ्या दगडाच्या गडग्याला टेकली. मास्तर उतरले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, आधी कुठे शिकलात?" चाचींनी खरं ते सांगितलं. "मग ते सगळं विसरा," मास्तर म्हणाले. "विसरणार नाय," चाची म्हणाल्या. "ते माझं मी शिकले. तुम्ही तुमचं शिकवा." पण एक गोष्ट मास्तरांनी कबूल केली. समोरून ट्रक आला की बाकीचे शिकाऊ डोळे मिटतात. ही बाई ट्रककडे असं बघते, की ट्रकवालाच बाजूला होतो.

लायसनच्या परीक्षेत चाची पहिल्यांदा नापास झाल्या. चढावर इंजिन तीनदा बंद पडलं आणि साहेबांनी वहीत फुली मारली. घरी आल्या तेव्हा दीर ओटीवरच बसले होते. "भाबी, झालं ना समाधान?" ते म्हणाले. वाईट मनाने नाही म्हणाले, माणूस तसा वाईट नव्हता. पण काही माणसांना आपल्या खिशातली चावी म्हणजे जबाबदारी वाटते आणि ती कुणी मागितली की अपमान वाटतो. चाची म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परत जातंय." बस्स. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर स्वयंपाकघरात सुधारणा झालेली. डाव्या पायाखाली मुलाचा अर्धवट हवा गेलेला फुटबॉल, तो क्लच. डाव्या हाताशी तांदळाचा डबा, त्यात उभं खुपसलेलं लाटणं, तो गिअर. फुटबॉल दाबायचा, लाटणं तांदळात पुढे सारायचं, फुटबॉल हळूहळू सोडायचा. "हळूऽऽ, हळूऽऽ," चाची स्वतःलाच सांगायच्या, आणि समोर पडद्यावर लाल गाडी कधीच निघून गेलेली असायची. त्या महिन्यात त्यांनी एकही शर्यत जिंकली नाही. परीक्षेत पास झाल्या.

चाचांच्या येण्याचा दिवस नेमका शुक्रवार निघाला. आगगाडी दुपारी तीनची. दिरांनी नेहमीप्रमाणे दोन सुमो सांगितल्या होत्या. चाचींनी लायसन दाखवलं, विनंती केली, मग आवाज चढवला. "बॅटरी वीक हाय, रस्त्यात बंद पडली तर लोक काय म्हणतील," एवढंच उत्तर. चाची गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की मला भीती वाटते. नमाजानंतर दीर ताडपत्री काढायला आले, तेव्हा त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आज मी चालू करू? दहाच मिनिटं." दिरांना बरं वाटलं. एवढी माघार घेतली, तर एवढं द्यायला काय हरकत? त्यांनी चावी दिली आणि घड्याळ बघत उभे राहिले. मी आमच्या गडग्याशी उभा होतो. नववं मिनिट संपता संपता चाचींनी काच खाली केली आणि मला म्हणाल्या, "कम्प्युटरवाल्या, बस मागे. बॅगा उचलायला माणूस लागेल." मी बसलो. का बसलो ते मला आजही सांगता येत नाही. क्लच, गिअर, हळूऽऽ, हळूऽऽ, आणि गाडी फाटकाबाहेर. मागे दीर "भाबी! भाबी!" करत धावत होते. चाचींनी आरशात पाहिलंसुद्धा नाही.

माळनाक्याचा चढ, मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव. एकदाही इंजिन बंद पडलं नाही. चाचींच्या मानेवर घामाची धार होती. स्टेशनच्या आवारात गाडी लावली आणि मगच त्यांनी श्वास सोडला. चाचा बाहेर आले, भाऊ कुठे दिसतो ते बघू लागले आणि त्यांना बायको दिसली. दोघं समोरासमोर उभी राहिली. मिठीबिठी काही नाही. चाचा नुसते म्हणाले, "तू?" चाची म्हणाल्या, "मग कोण?" मी बॅगांकडे बघत राहिलो, कारण दोघांच्याही चेहऱ्याकडे बघण्याचा हक्क माझा नव्हता. मग चाचांमधला व्हॅन चालवणारा जागा झाला. "चल, मी चालवतो," म्हणत ते झपाझपा गेले, डावीकडचं दार उघडून आत बसले आणि दोन्ही हात पुढे केले. हातात काहीच आलं नाही. कुवेतला स्टिअरिंग डावीकडे असतं. अठरा वर्षं ज्या बाजूला बसले, त्याच बाजूला बसले होते. चाची उजवीकडून शांतपणे आत शिरल्या. "थितं काय शोधताव?" त्या म्हणाल्या. "चालवणारी हितं हाय." चाचांनी हात खाली घेतले आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. साळवी स्टॉपला समोरून दोन्ही सुमो येताना दिसल्या. चाचींनी हॉर्नवर हात ठेवला तो दोन्ही सुमो मागे जाईपर्यंत काढला नाही.

पुढचे दोन महिने ती गाडी ताडपत्रीखाली गेलीच नाही. गणपतीपुळे, पावस, संगमेश्वरला चाचींची बहीण, नुसतंच हातखंब्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत. चाचा डाव्या बाजूला बसून पानं खात रस्ता बघायचे. मग जायचा दिवस आला. सकाळची आगगाडी होती. त्या दिवशी सुमो सांगितलीच नव्हती. दिरांनी स्वतः चावी आणून चाचींच्या हातात दिली आणि मान खाली घालून म्हणाले, "तुम्हीच सोडा, भाबी." अगदी मनापासून, सन्मानाने म्हणाले. बॅगांसाठी मी होतोच. चाची इतक्या सावकाश चालल्या की सायकलवाले पुढे गेले, आणि त्यांनी सगळ्यांना जाऊ दिलं. स्टेशनवर चाचा उतरले, खिडकीशी वाकून काहीतरी म्हणाले, ते मी ऐकलं नाही, आणि गेले. आगगाडी सुटल्याचा आवाज आला, तो लांब जाऊन बंद झाला. चाची चाकावर हात ठेवून समोर बघत बसल्या होत्या.

"पूर्वी ते दारातून जायचे," त्या म्हणाल्या. "सुमो वळली की मी आत जाऊन भांडी घासायला बसायचे. आणायला मीच जाणार म्हणून एवढी भांडले, पण नेऊन सोडायला पण मीच यायचं, हे ध्यानातच आलं नाय बघ."

चाचींशी वादात हरायची मला सवय होती, पण त्या स्वतःच हरल्यासारख्या बोलताना मी प्रथमच ऐकत होतो, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, "चाची, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवू या सोडायला." त्यांनी ओढणीने तोंड पुसलं, आणि मी काही भलतंच मागितल्यासारखं माझ्याकडे वळून पाहिलं. "दुसऱ्या कुणाला?" त्या म्हणाल्या. "शेवटचं बघायचं पण दुसऱ्याला देऊ?" आणि त्यांनी गाडी चालू केली.