बांधाखालचा मुरूम

मी कोळशाच्या खाणीत नोकरी करतो असं आमच्या रहिमतपूरच्या बाजूला सांगितलं, की लोक आधी माझे हात बघतात. हात स्वच्छ असतात. मग मला सांगावं लागतं, की मी तिथला साहेब आहे. ते सांगायला मला आवडतं, आणि पुढचं सगळं या आवडीतूनच झालं.

शेती थोरला भाऊ बघतो, घरही रानातच आहे. खाली ऊस, वर उताराला मुरमाड माळ. रस्त्यांची कामं निघाल्यापासून दादा माळावरचा मुरूम काढून ठेकेदाराला देतो. खणत खणत तो वरच्या बांधापर्यंत पोचला होता. बांधापलीकडचं रान चाचीचं. चाची म्हणजे आमच्या वडिलांच्या मित्राची बायको. नवरा गेला, मुलगा शिरवळला कारखान्यात, घरी ती आणि दोन म्हशी. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन ती त्या बांधावरून गावात येते. दुसरी वाट आहे, पण ती सडकेनं, लांबचा वळसा घालून.

गेल्या दिवाळीत जेवताना दादानं विचारलं, "तिकडं तुमी नेमकं करता काय रं?" झालं. मला तेवढंच हवं होतं. कोळसा वरून खणत गेलं, की एका ठिकाणी वरचा थर इतका जाड होतो, की तो काढणं परवडत नाही. समोर उभी भिंत उरते आणि भिंतीच्या पोटात कोळसा. मग मशीन भिंतीत आडवं घुसवायचं, बोगद्यामागून बोगदा पाडत माल ओढून काढायचा. वरचं रान जागच्या जागी, गवताची काडी हलत नाही. मी भाकरीचा कोर मोडून खालून बोट घालून दाखवलं. "माल जमिनीत तसाच सोडून जाणं म्हणजे पापच," असंही वर म्हणालो. वहिनीनं वाढायचं थांबून ऐकलं.

यातलं अर्धंच मी सांगितलं होतं. दोन बोगद्यांमध्ये कोळशाची जाड भिंत राखायची असते, तिच्यावरच सगळा भार असतो. शेजाऱ्याच्या हद्दीलगत तर बोटही लावायचं नाही. काम सरलं की बोगद्यांची तोंडं बुजवायची, बाजूला रचलेली सुपीक माती परत आणून पसरायची. माझी खरी नोकरी ही आहे. किती काढायचं आणि किती राखायचं याचे नियम ठरवायला बसतो आम्ही, आणि बैठकीत मी फुटाफुटावरून भांडतो. पण सोडून दिलेल्या कोळशाला घरी कोण वा म्हणणार? म्हणून ते गिळून टाकलं.

पुढं गावी गेलो तो पावसाळ्याच्या शेवटी. दादा मला हौसेनं माळावर घेऊन गेला. समोर दोन पुरुष उंचीची मुरमाची भिंत, आणि तिच्या पायथ्याला पोकलेननं आत शिरून केलेली खोबण. थेट बांधाच्या खाली. वर बांध तसाच, हिरवागार.

"बघ, तुझ्या मशीनीगत," दादा म्हणाला. "माल बी गावला, आन् बांध बी हाय तिथंच. कोण काय बोलंल?"

आमच्याकडे बांध कोरणं नवीन नाही. नांगर धरला की जो तो नांगराची एक रेघ शेजाऱ्याच्या बाजूला सरकतो, त्यावरून डोकी फुटतात, सख्खे भाऊ कोर्टात जातात. पण ते सगळं वरून, डोळ्यांदेखत. बांध खालून कोरायची अक्कल आमच्या गावाला नव्हती. ती मी नेऊन दिली.

एवढ्यात वरून मुरूम भुरभुरला. मान वर केली, तर चाची किटली घेऊन चालली होती. ओरडायचीही भीती वाटली, दचकून थांबली तर?

ती पार झाल्यावर मी तिला गाठलं. "चाची, आवं, बांधावरनं येऊ नका. खालनं पोकळ झालाय."

"पर तुझा भाऊ म्हणला, धाकट्यानं सांगिटलंय, वरच्या रानाला कायबी हुत न्हाई. तू खाणीतला सायेब. म्हून तर मी बिनघोर हाय."

शरमेनं माझी मान वर होईना. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पावसानं झालंय."

संध्याकाळी बांधाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या ओढून लावल्या. दादा भडकला. "तूच म्हणला हुतास की, सोडायचं पाप हाय म्हून. आता लोकात माझी शोभा करतोस व्हय?" मी काट्या तशाच राहू दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाची आमच्या दारात. सडकेनं वळसा घालून आली होती, धाप लागलेली. पदराखालून डबा काढला. "खरवस हाय. म्हस व्याली परवा. तुझ्यासाठनं आणला. तू बघितलंस म्हून वाचले बाबा." मी खरवस तोंडात घातला.

उठता उठता ती म्हणाली, "आता ऊन पडलंय. आठवड्यात वाळंल सगळं. मग काट्या काढशील न्हवं? गुडघं लय दुखत्यात रं."

पावसाचं निमित्त मीच दिलं होतं. पाऊस गेला की वाट उघडणार, हा तिचा हिशेब बरोबर होता.

मग सांगितलं. भाकरीचा कोर, खालून घातलेलं बोट, दादाची खोबण, न सांगितलेला अर्धा भाग, सगळं. दादा दारात उभा राहून ऐकत होता. डब्यात खरवस उरला होता. चाचीनं डबा वहिनीच्या हातात दिला, रिकामा करून घेतला आणि निघाली.

सवयीनं ती बांधाकडे वळली. काट्यांपाशी जाऊन थोडी थांबली, मग मागे फिरली आणि आमच्या दारावरून, आमच्याकडे न बघता, सडकेला लागली.