शेवटच्या नळाचं पाणी

भिमाजीला गावात कुणी आडनावानं ओळखत नसे. तो वॉलमन, गावाला पाणी सोडणारा. शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर वसलेलं ते गाव धड खेडं नव्हतं आणि धड शहरही. एसटी स्टँड होता, बँक होती, दोन लॉज होते आणि पाण्याची टाकी मात्र एकच. वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून भिमाजी एकोणीस वर्षं गावभर हिंडत होता. ग्रामपंचायतीनं त्याला अजून कायम केलं नव्हतं. पण अख्खं गाव आपल्या हातचं पाणी पितं, याचा त्याला भारी अभिमान. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

सकाळी टाकीत जंतू मारणारी टीसीएल पावडर कालवायची, वॉल फिरवायचे, मग नळाखाली काचेची नळी धरून तिच्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की पावडर पोचली, पाणी चांगलं. वरच्या आळीत सरपंच बापूसाहेबांच्या दारातला नळ टाकीला सगळ्यात जवळचा. तिथं नळी झटकन पिवळी व्हायची. तपासणीला जाणारी बाटलीही तिथंच भरली जाई, कारण तिथं बसायला खुर्ची आणि वर चहा मिळे. निकाल दर वेळी तोच, पिण्यास योग्य.

सगळ्यात शेवटचा नळ बुद्धनगरात, भिमाजीच्याच दारात. तिथं नळी कोरीच राहायची. वाटेत पाइप गटारातून गेला होता आणि एका जॉइंटला फुटला होता. पाणी एक दिवसाआड यायचं, आणि मधल्या वेळात रिकामा पाइप गटार ओढून घ्यायचा. भिमाजीनं त्या जॉइंटला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या किती वेळा गुंडाळल्या, त्याला गणती नाही. पाइप बदलायचा ठराव दोनदा झाला होता. पावडर जास्त टाकावी, तर वरच्या आळीच्या चहाला वास येई आणि दुपारच्या आत बापूसाहेबांचा निरोप. कमी टाकावी, तर खाली काहीच पोचत नसे. भिमाजी बिचारा काय करणार? तो वरच्या आळीच्या बेतानं टाकायचा.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याची एकुलती लेक दीक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई सत्यजीत दौंडला रेल्वेत होता. "मामा, हितं कॉलनीत दवाखाना जवळ हाय. राहू द्या हितंच," असं तो दोनदा म्हणाला. पण भिमाजी कुठला ऐकायला! आईबाप धडधाकट असताना लेकीचं पहिलं बाळंतपण सासरी? तो स्वतः जाऊन तिला जीपनं घेऊन आला, तिच्या पाठीशी गोधडी लावून.

पंधरा दिवसांत वस्तीतल्या म्हाळूला कावीळ झाली, मग त्याच्या भावाला. भिमाजीची बायको कस्तुराबाई शिकलेली नव्हती, पण नर्सबाईंचं सांगणं ती कान देऊन ऐके. दुसऱ्याच दिवशी तिनं दारातल्या चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं. शेजारच्या गिताबाईनं ते पाहिलं, आणि गिताबाईनं पाहिलं म्हणजे गावानं पाहिलं. वॉलमनच्याच घरी पाणी उकळतंय, मग आम्ही काय करायचं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

बापूसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"भिमाजी, तुझ्या घरी पाणी उकळत्यात म्हणं?"

"लेक पोटुशी हाय, बापूसाहेब."

"आरं, पर तूच उकळाया लागलास तर लोकांनी काय समजायचं? कागद म्हणतोय पाणी चांगलं, आन् आमचा वॉलमनच बोंब मारतोय. निवडणूक तोंडावर हाय. तुला कायम करायचा कागदबी माझ्याच टेबलावर हाय."

"तेवढा जॉइंट बदलला असता तर..."

"बदलू की. पावसाळ्याच्या आत बदलू."

भिमाजी पाय आपटत घरी आला. खरं सांगायचं तर बापूसाहेबांपेक्षा त्याला बायकोचाच राग जास्त आला होता. गाव विश्वास टाकतं आणि घरची बाई टाकत नाही!

"उतरव ते पातेलं. सगळं गाव पितंय ते आपल्यालाच इख हाय व्हय?"

"नळी पिवळी व्हती का आपल्या नळाला? तेवढं सांगा."

त्याची बाजू घेतली ती लेकीनं. दीक्षा तांब्या घेऊन उठली, नळावर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या पुढ्यात तिनं तो भरला आणि घटाघटा प्याली.

"माझ्या आप्पांनी सोडलेलं पाणी हाय. मला काय व्हतंय!"

बायका हसल्या, त्यांच्या मनातली शंका गेली. कस्तुराबाईनं मुकाट्यानं पातेलं उतरवलं. भिमाजीनं त्या वेळी तांब्या हिसकावून घ्यायला हवा होता. त्याला माहीत होतं सगळं. पण मेल्याचा ऊर अभिमानानं भरून आला होता.

महिनाभरात दीक्षाची अन्नावरची वासना उडाली. मग उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी वेणी घालताना कस्तुराबाईनं तिचं तोंड उजेडाकडं वळवलं, आणि फणी केसातच राहिली. पोरीचे डोळे पिवळेधमक झाले होते.

शिरूरहून तिला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणात ही कावीळ फार वाईट. मग विचारलं, "पाणी कुठलं पीत होती?"

"नळाचं," भिमाजी म्हणाला.

"उकळून?"

दौंडहून आलेला सत्यजीत सासऱ्याकडं बघत राहिला. चौथ्या दिवशी, दिवस भरण्याआधीच मुलगी झाली. मुलगी जगली. दीक्षा काही शुद्धीवर आली नाही, तशीच गेली.

भिमाजीवाचून गावाचं पाणी आठवडाभर चुकलं होतं. पंचायतीचा शिपाई सोपानराव भेटायला आला आणि वॉलची चावी कुठं आहे ते विचारू लागला. भिमाजी म्हणाला, मीच येतो. त्या सकाळी त्यानं टाकीत दुप्पट पावडर टाकली. आपल्या दारातल्या नळाखाली नळी धरली, थेंब टाकले. एकोणीस वर्षांत तिथं पहिल्यांदाच पाणी पिवळं झालं. तो तिथंच गुडघ्यात डोकं घालून रडला. दुपारी वरच्या आळीतून निरोप आला, चहाला वास येतोय. पुढच्या पाण्याला त्यानं पावडर पुन्हा नेहमीएवढीच टाकली. पाइपचा ठराव तिसऱ्यांदा झाला.

सत्यजीतला आई नव्हती, त्यामुळं बाळ कस्तुराबाईच्याच मांडीवर आलं. त्याच्या दुधासाठी ती रोज पाणी उकळायची, दारातच, सगळ्यांच्या देखत. आता तिला कुणी काही बोलत नव्हतं.

एकदा भर उन्हात वॉल फिरवून आलेल्या भिमाजीनं पाणी मागितलं. चुलीजवळ उकळून निवलेलं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. कस्तुराबाईनं त्याला हात लावला नाही. नळाखालच्या हंड्यात तिनं तांब्या बुडवला आणि त्याच्यापुढं धरला.

"उकळलेलं बाळाचं हाय," ती म्हणाली. "तुमी तुमचं प्या."

भिमाजीनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.