शाळेजवळचं घर आणि निळी सायकल

"सायकल नसेल तर ते कसलं बालपण!" असं परवा सांगलीत माझी शेजारीण म्हणाली, आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीला दुसरी सायकल घ्यायचा सल्ला देऊन गेली. पहिली जिन्याखाली गंजत पडलीय. मला तर त्या पोरीचासुद्धा हेवा वाटतो. आईनं लेकीचा हेवा करू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

आठवीत होते तेव्हा. आमचं घर आष्ट्यात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. चुलत्यांचं घर लांब मळ्यात, आणि चुलत बहीण माझ्याच वर्गात. लांबून चालत येणाऱ्या मुलींना शाळेत सायकली मिळाल्या. तिला मिळाली. निळी, पुढं जाळीची बास्केट, मागं कॅरेज. मला काय मिळालं? घंटी ऐकायला मिळाली. ती रोज आमच्या दारावरनं ट्रिंग ट्रिंग करत जायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. "बस की मागं," ती म्हणायची. "का? माझे पाय मोडल्यात?" मी फणकारायची. गणितात मला दहापैकी दहा, तिला चार. आणि सायकल कुणाला? तर तिला! का, तर लांब राहते म्हणून. लांब राहण्यात कसली आलीय हुशारी?

पुढच्या खेपेची यादी करायची वेळ आली, तशी मी सरांना ठोकून दिलं, "सर, आमी आता मळ्यात ऱ्हायला गेलोय."

"बरं, रविवारी येतो बघायला," सर म्हणाले.

मेले! रविवारी सकाळीच दप्तर घेऊन मळा गाठला. काका-काकू लग्नाला गेले होते, ते एक बरं झालं. बहिणीला सगळं सांगितलं. वाटलं, आता ही नाक मुरडणार. पण तिनं माझं दप्तर आपल्या दप्तराशेजारी खुंटीला अडकवलं आणि माझ्यावर भुंकणारं कुत्रं गोठ्यात बांधून टाकलं.

सर आले. "ही इथंच राहते का गं?"

"व्हय सर, हितंच ऱ्हाती. माझ्याजवळच झोपती," ती म्हणाली. पापणीसुद्धा लवू दिली नाही.

मी सरांना पाणी घेऊन बाहेर आले, आणि त्याच वेळी ते कुत्रं दावं तोडून असं काही माझ्या अंगावर आलं, की तांब्या टाकून मी थेट सरांच्या पाठीमागं. सरांनी वाकून तांब्या उचलला. "घरचं कुत्रं घरच्या माणसाला ओळखत नाही होय?" एवढंच म्हणाले आणि गेले. यादीत माझं नाव आलं नाही.

मी रडणार, तर बघते, ही माझ्याआधीच रडतेय. माझं डोकंच फिरलं.

"तुला हाय की सायकल! तू कशाला रडतीस गं?"

"तू सायकलवरनं मळ्यापतोर आली असतीस, दोघी मिळून गेलो-आलो असतो," ती म्हणाली. "उसातनं एकटीला लय भ्या वाटतं."

मला वाटलं, नाटकं करतीय. सायकल असलेल्या माणसाला कसलं आलंय भ्या!

दिवाळीनंतर उसाच्या वाटेवर कोणीतरी दोनदा तिच्या मागं मागं आला. तिनं घरात सांगितलं, आणि घरच्यांनी तिची शाळाच बंद केली. काकांनी सायकल आणून आमच्या दारात लावली. "वापर आता तू," म्हणाले. ती कुठाय, कशी आहे, मी विचारलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी घंटी वाजवत होते. शाळा हाकेच्या अंतरावर, तरी रोज गावाला वळसा घालून सायकलवरनं जायची. कोण कोण बघतंय ते बघत.

बारावी झाली आणि ती सायकल मी भंगारात घातली. बहीण लग्न होऊन दहिवडीकडं गेली. सणासुदीला भेटते, माझ्या नोकरीचं कौतुक करते, आणि निघताना दरवेळी विचारते, "माझी सायकल हाय का गं अजून?"

"व्हय, हाय की," मी सांगते. पापणीसुद्धा लवू देत नाही.