लोकांच्या शोधात वरचे काका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यात कशावरही पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही. आपण जन्मलो आहोत हेसुद्धा त्यांनी जन्माचा दाखला दोन ठिकाणांहून मिळवल्यावरच मान्य केलं असावं. बहारीनच्या सनद भागातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट ते आधी एकदा रिकामी वर पाठवत आणि ती सुखरूप खाली आली की मगच आत पाऊल टाकत. दुकानात दुधाची बाटली घेताना पुढची घ्यायची नाही, मागची घ्यायची, हा त्यांचा नियम होता. पण हल्ली सगळेच मागची घेतात हे कळल्यापासून ते मधली घेऊ लागले. हातात आलेला कोणताही कागद, मग तो वाण्याचं बिल असो की देवळातल्या प्रसादाची पुडी, ते चार घड्या घालून मिटत आणि प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख इस्त्रीसारखं फिरवत. "का हो काका?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुणी उघडून बघितलं तर परत अशी घडी बसत नाही. आपल्याला कळतं." वाण्याचं बिल कोण उघडून बघणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

या स्वभावाला त्यांचा धंदाही साजेसाच होता. कराडकडच्या एका खेड्यातून आयटीआय करून आलेला हा माणूस बहारीनमधल्या एका कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं गेज तपासत होता. पाइपातला दाब दाखवणारे काटे खरं बोलतात की खोटं, हे बघणं त्यांचं काम. "एका गेजवर कधी विश्वास ठेवायचा नाही," ते सांगत. "शेजारी दुसरं लावायचं आणि दोन्ही वाचायची." घरीही तोच कायदा. बैठकीच्या खोलीत एकाच भिंतीवर दोन घड्याळं होती. दोन्हींत दोन मिनिटांचा फरक असे, तेव्हा ते निवांत असत. एकदा दोन्ही अगदी तंतोतंत जुळली, तर त्या दिवशी त्यांना चहा गोड लागेना. "सारखंच दाखवतायत," ते म्हणाले. "म्हणजे दोन्ही चुकलेली आहेत. एकाच दुकानातली आहेत ना!" काकूंनी आतून आवाज दिला, "अहो, बरोबर असतील म्हणून सारखी असतील." काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "हिला काय कळतंय?"

मी त्यांची थट्टा करतो आहे असं कुणाला वाटू नये. मी जत तालुक्यातल्या एका गावातून आलेला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आठ वर्षांपूर्वी इथे उतरलो तेव्हा हातात बी.एस्सी.चं प्रमाणपत्र होतं आणि अंगात लग्नातला कोट, भर उन्हाळ्यात. काकांनी मला पहिले तीन आठवडे दारातच उभं ठेवलं. चौथ्या आठवड्यात आत घेतलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "तुझ्या वडिलांच्या पायाला बैलानं मारलं होतं, ते दुखणं गेलं का?" मी चकित झालो. मधल्या काळात त्यांनी कराडहून सांगली, सांगलीहून जत असा फोन फिरवून माझी चौकशी पुरी केली होती. पण त्याच दिवशी त्यांनी माझं करारपत्र मागून घेतलं, त्याचा अरबी मजकूर आपल्या एका बहारीनी सहकाऱ्याकडून वाचून घेतला आणि इंग्रजीत 'निरीक्षक' असलेला मी अरबीत 'मदतनीस' आहे हे शोधून काढलं. एजंटाची चूक होती. ती दुरुस्त झाली नसती तर पुढे बायकोला इथे आणणं मला जमलं नसतं. तेव्हा माझा संसारच त्या माणसाच्या संशयावर उभा आहे.

तर गोष्ट निवडणुकीची. आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद रिकामं होणार होतं. एका बाजूला वर्षानुवर्षांचे पदाधिकारी आणि दुसऱ्या बाजूला आम्ही, म्हणजे ज्यांना दर वर्षी सतरंज्या घालायला बोलावतात ते. आमच्या बाजूनं दोघांची नावं पुढे आली. एक रिफा भागातले साहेब, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बंगला, दोन गाड्या. दुसऱ्या आमच्या ताई. ताई एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतात. मूळच्या चिपळूणच्या, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. आता दोघे उभे राहिले तर मतं फुटणार. तेव्हा काकांनी तोडगा काढला, "अमेरिकेत करतात तसं करू. आधी आपल्या आपल्यात मतदान. जो जिंकेल तो आपला उमेदवार."

त्या दिवसांत अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस चालू होती आणि रिंगणात एक बाई होत्या. काका ते सगळं टीव्हीवर आवाज बंद करून बघत, कारण आवाज आला की माणूस फसतो, चेहरा फसवत नाही, असं त्यांचं मत. तरी खाली येणाऱ्या ओळी ते वाचतच. "हे बघ तज्ज्ञ," मला म्हणाले. "चार जण बसलेत. चौघंही म्हणतात बाई हुशार आहे, अनुभवी आहे, पण निवडून येणार नाही. मला चालेल म्हणतात, लोकांना चालणार नाही." मग सुस्कारा सोडून, "आपल्या ताईंचंही तेच होणार रे लेका."

आणि ते तडक ताईंना सांगायलाच गेले. मी गाडी चालवत होतो म्हणून मीही होतो. "ताई," काका म्हणाले, "तुमच्याइतकं लायक दुसरं कुणी नाही. म्हणूनच सांगतो, उभ्या राहू नका."

ताई पोहे परतत होत्या. झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "काका, रक्त न घेताच रिपोर्ट देताय तुम्ही."

"मला चालतंय हो. पण लोक..."

"अकरा वर्षं मी अध्यक्षांची भाषणं लिहिते," ताई म्हणाल्या. "अकरा वर्षं मागे बसून ऐकते, माझी वाक्यं ते कुठे चुकीची तोडतात ते. एकदा माझं भाषण मला वाचू द्या. एवढंच आहे माझं." आणि झारा कढईवर आपटून आत गेल्या. पोहे आम्हाला मिळाले, पण बोलणं मिळालं नाही.

परतताना काकांनी सीटबेल्ट दोनदा ओढून बघितला. मग म्हणाले, "रक्त घ्यायला पाहिजे, हे मात्र बाई खरं बोलली." पुढचे तीन शुक्रवार त्यांनी घरोघरी जाऊन कौल घेतला. पहिला नंबर माझा. मी म्हणालो, "माझं मत ताईंनाच. पण लोकांचं काय?" मी हे अगदी मनापासून आणि विचार करून बोललो होतो, हे लिहिताना आज लाज वाटते. शेजारी बायको काकडी चोचवत होती. तिचा हात क्षणभर थांबला, एवढंच मला दिसलं.

काकांना सगळीकडे हेच उत्तर मिळालं. चाळीसेक घरं, चाळीस वेळा तेच वाक्य. दुसरा कुणी असता तर निकाल लागला म्हणून घरी बसला असता. पण काकांचा चहा पुन्हा बेचव झाला. "सगळे सारखंच बोलतायत," ते म्हणाले. "म्हणजे कुठंतरी गडबड आहे. प्रत्येक जण म्हणतोय मला चालेल, लोकांना चालणार नाही. मग हे लोक राहतात कुठं?"

आणि त्यांनी लोकांचा शोध सुरू केला. सनदमधले म्हणाले, आम्ही ठीक आहोत हो, जिदहफ्समधली आपली पोरं जुन्या वळणाची. काका जिदहफ्सला गेले. तिथे आमच्या एका राजापूरच्या सदस्याची खानावळ आहे, तिथे सुतार, ड्रायव्हर, एसीवाले सगळे जेवायला येतात. ते म्हणाले, आम्हाला काय, ताईंनी आमच्या पोरांचं रक्त फुकट तपासून दिलंय, पण रिफातले बंगलेवाले बाईच्या हाताखाली काम करतील होय? काका रिफाला गेले. बंगलेवाल्यांनी सरबत दिलं आणि सांगितलं, आम्ही पुण्यामुंबईचे, आम्हाला काहीच वाटत नाही, पण सनदमधली मंडळी ऐकणार नाहीत. काका भर दुपारी माझ्या दारात उभे राहून ओरडले, "आरं, मी सनदमध्येच राहतो की! लोक मफी! कुठंच नाहीत!"

त्या संध्याकाळी आम्ही सात-आठ जण त्यांच्या घरी जमलो. काका हैराण होऊन सगळा हिशोब मांडत होते, तेव्हा भजी घेऊन आलेल्या काकू तिथेच उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून गेजची गोष्ट ऐकलेली बाई. म्हणाल्या, "अहो, तुम्ही प्रत्येक घरात एकच गेज वाचलंत."

"म्हणजे?"

"दुसरं तिथंच होतं. चहा घेऊन आलं, कप ठेवला आणि आत गेलं. ते वाचलंत का?"

माझी बायको मान खाली घालून हसली, आणि ती काकडी मला आठवली. आमच्या मंडळात एक कुटुंब, एक मत असा नियम आहे. सदस्यत्वाचा अर्ज ज्याच्या व्हिसावर घर चालतं त्याच्या नावानं, त्यामुळे मत आपोआप नवऱ्याचं. त्यात काही चूक आहे हे काकांसारख्या माणसाच्याही नजरेतून सुटलं होतं. ते उठले, दोन्ही घड्याळांकडे बघून आले आणि म्हणाले, "खलास. आपल्या मतदानात घरटी दोन मतं. नवरा काय म्हणतो आणि बायको काय म्हणते, दोन्ही लावून बघू."

मतदानाची तयारी त्यांनी कारखान्याच्या तपासणीसारखी केली. रिफातल्या साहेबांनी बंगला देऊ केला, तो काकांनी नाकारला. उमेदवाराच्या घरची बासुंदी खाऊन कुणाचं मन कुठे जाईल सांगता येत नाही. जागा ठरली जिदहफ्सची खानावळ. तुपाच्या रिकाम्या डब्याला चीर पाडली, झाकणाला तार ओढून गेजला लावतात तसं शिशाचं सील ठोकलं. अक्षरावरून माणूस ओळखू येतो म्हणून चिठ्ठीवर काहीही लिहायचं नाही. दोन छापील नावं, एकापुढे फक्त बरोबरची खूण. पेन एकच, दोरीला बांधलेलं. काकूंनी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बहारीनमध्ये मत दिलं. त्यासाठी त्यांनी ठेवणीतलं नारायणपेठी नेसलं होतं. मत टाकून आल्यावर काकांनी विचारलं, "कुणाला?" काकू म्हणाल्या, "गुप्त आहे ना?" काका खानावळीच्या पंख्याकडे बघत राहिले. खानावळवाला आतून ओरडत होता, "यल्ला, आटपा! भात निवतोय!"

मोजायला मी आणि खानावळवाला. काका तीन फुटांवर, हात मागे बांधून. चिठ्ठ्या उघडत गेलो आणि ताई, ताई, ताई असंच निघत गेलं. सुतारांच्या ताई, बंगल्यांच्या ताई. रिफातल्या साहेबांनी तर हसून सांगूनच टाकलं की आपलंही मत ताईंना गेलं. घरी राहायचं आहे म्हणाले. साहेबांच्या नावापुढे एकूण तीन खुणा निघाल्या. त्यातली तिसरी चिठ्ठी उघडायला मला जरा वेळ लागला. ती चार घड्यांची होती आणि प्रत्येक घडीवरून नख फिरवलेलं होतं, इस्त्रीसारखं.

अक्षराचा, पेनाचा, डब्याचा, बासुंदीचा बंदोबस्त करणारा माणूस स्वतःच्या अंगठ्याला विसरला होता. मी वर पाहिलं. काका माझ्याकडेच बघत होते. मी चिठ्ठी सपाट केली, साहेबांच्या गड्डीत ठेवली आणि म्हणालो, "साहेब, तीन."

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. भाषण करा म्हणून सगळे मागे लागले, तर अकरा वर्षं भाषणं लिहिणाऱ्या बाईला एक वाक्य सुचेना. "जेवून घ्या," एवढंच म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या.

परतताना मी गाडी चालवत होतो, काका शेजारी, मागे काकू आणि माझी बायको. काकू खुशीत होत्या. "ती तीन मतं कुणाची असतील हो?" त्यांनी विचारलं.

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोकांची."

इमारतीशी आल्यावर दोघी आधी वर गेल्या. लिफ्ट रिकामी परत आली तरी काका आत शिरले नाहीत. "घडी दिसली ना तुला?"

"दिसली."

"ताई उभ्या राहून पडल्या असत्या तर मला बघवलं नसतं रे. सगळ्या गावात विचारत फिरलो, लोक कुठं आहेत, लोक कुठं आहेत." त्यांनी लिफ्टच्या आरशात स्वतःकडे पाहिलं. "पेन हातात घेतलं आणि वाटलं, आपण एकट्यानंच ताईंना मत दिलं आणि बाकीच्यांनी नाही दिलं तर? इतके जण नुसतं तसं बोलले, हात मात्र माझा चालला." मग ते वर गेले. कुणाला सांगू नकोस, असं मात्र म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो. दुसऱ्या दिवशीही नाही, नंतरही नाही. गॅसची कळ तीनदा बघणाऱ्या माणसानं मला एकदाही तपासलं नाही.

पुढे जुन्या पदाधिकाऱ्यांनी आमचा आकडा ऐकून उमेदवारच दिला नाही आणि ताई बिनविरोध अध्यक्ष झाल्या. "बिनविरोध?" काका म्हणाले. "काहीतरी गडबड आहे." ताईंनी पहिल्याच सभेत अर्जावर दोन नावं आणि घरटी दोन मतं आणली. ते भाषण त्यांनी स्वतः वाचलं. काका पहिल्या रांगेत बसून छापलेल्या प्रतीशी शब्द न् शब्द ताडून बघत होते, आणि मध्येच त्यांना चष्मा पुसावा लागला.

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन गावी गेले. जाताना भिंतीवरची दोन घड्याळं उतरवली, एक स्वतः नेलं आणि एक मला दिलं. आता दर शुक्रवारी फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं किती वाजले?" मी सांगतो, ते अडीच तास मिळवतात, आपल्या घड्याळाकडे बघतात आणि फरक दोनच मिनिटांचा निघाला की मग पावसापाण्याचं बोलतात. वरच्या मजल्यावर आता केरळचं एक जोडपं आहे. लिफ्ट सरळ वर जाते.

परवाच्या फोनवर मी भीत भीत म्हणालो, "काका, तुमच्यावर लिहितोय. मतदानाचंही. ती घडीसुद्धा."

ते हसले. "घडीचं काकूला कधीच सांगितलंय मी. त्याच दिवशी. बिघडलेलं गेज घरात लपवून ठेवायचं नसतं."

"मग छापायच्या आधी पाठवू का वाचायला? काही चुकलं असेल तर तपासून..."

पलीकडून काकूंच्या हातातल्या भांड्याचा आवाज आला.

"नको," काका म्हणाले. "तू लिहिलंयस ना."

त्या दिवशी किती वाजले हे विचारायचं ते विसरले. मीही आठवण केली नाही.