न बसलेली पिन

लेकीला मुलगी झाली त्या सकाळी दवाखान्याच्या बाकावरच माझा फोन बंद पडला. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे बायको गावी अडकली होती. तिचा जीव टांगणीला लागलेला. माझी धांदल पाहून शेजारच्या अनोळखी बाईंनी सगळी विचारपूस केली आणि आपला चार्जर पुढे केला. पण त्याची पिन माझ्या फोनला बसेना.

"तुमच्या कंपनीचं सगळं वेगळंच," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या फोनला सगळ्यांसारखी पिन देतील बघा."

"छे हो, ती कंपनी कुणाचं ऐकतेय?"

"ऐकेल. आमचे सासरेसुद्धा शेवटी स्वतःचा चहा स्वतः करायला लागले!"

मला हसू आलं. कंपनी काय करील, हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं. पण कुणीतरी सुधारेल असं इतक्या सहज म्हणणारं माणूस शेजारी असलं, की वाट बघणं हलकं होतं.

"तोवर माझ्या फोनवरून लावा. नंबर पाठ आहे ना?"

पाठ होता. "अगं, मी बोलतोय. आजी झालीस."

पलीकडून नुसता हुंदका ऐकू आला. तेव्हा त्या बाईच फोनकडे वाकून म्हणाल्या, "नात झालीय हो! दोघी सुखरूप आहेत. आता मनसोक्त रडा."